करडी चौकट

सिल्वासाजवळच्या गलोंड्यात परवा पाऊण तास उभं राहून मी स्वतःबद्दलच्या शिव्या ऐकल्या. देणाऱ्याला माहीत नव्हतं की घेणारा समोरच उभा आहे, त्यामुळे त्या अगदी मनापासून दिलेल्या होत्या. वाचकांच्या पत्रांत हा दर्जा सापडत नाही.

जागा एका कारखान्याच्या फाटकातला वजनकाटा. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण दोष त्यांचा नाही. माझा मेव्हणा भंगाराचा धंदा करतो. त्याची गाडी भरून काट्यावर उभी होती आणि पावती निघत नव्हती. मी आयुष्याची बावीस वर्षं वापी-सिल्वासा पट्ट्यात कारखान्यांना सॉफ्टवेअर विकलं, त्यामुळे मेव्हण्याच्या लेखी प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत सगळं माझ्या खात्यात येतं. "भाऊजी, जरा येऊन जा," म्हणाला. मे महिना, दुपारचे दोन. गेलो.

केबिनमध्ये खानवेलच्या बाजूचा एक वारली पोरगा ऑपरेटर होता. ड्रायव्हरशी हिंदी, अकाउंटंटशी फोनवर गुजराती, माझ्याशी मराठी, आणि मॉनिटरशी घरची भाषा. पडदा बघितला आणि माझ्या पोटात गोळा आला. वर निळी पट्टी, डावीकडे ट्रकचं चित्र, खाली सात बटणं. ते चित्र मीच काढलं होतं, पेंटमध्ये, २००४ साली. ट्रकला चाकं तीनच.

"काका, हा डब्बा बघा," पोरगा म्हणाला. "आत डीएन झिरो नाइन लिहिलंय. गाडी आहे डीडीची. क्लिक करतो तर हलत नाय. बॅकस्पेस मारला तर नुसतं टुंग वाजतं. ज्यानं हे बनवलं ना, त्याला एक दिवस इथं बसवला पाहिजे. मे महिन्यात. पंखा बंद करून."

मी पंख्याकडे पाहिलं. तोही फारसा चालू नव्हता.

झालं होतं ते असं. २००४ साली सिल्वासाची प्रत्येक गाडी 'डीएन ०९'. ऑपरेटर दिवसातून शंभरदा तेच टाइप करायचा आणि त्यातल्या वीस वेळा चुकायचा. म्हणून मी शहाणपणा केला. 'नेहमीच्या गाड्या' असा पर्याय निवडला की पहिली चौकट आपोआप 'डीएन ०९'नं भरायची आणि तिला कुलूप. सॉफ्टवेअरच्या भाषेत रीड-ओन्ली. वाचा, पण हात लावू नका. टाइप करायचे ते फक्त शेवटचे आकडे. मालक खूश, मी खूश, चेक वटला. राज्याचा कोड काय रोज बदलतो?

२६ जानेवारी २०२० ला बदलला. दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली असे दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले आणि नाव पडलं दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव. तीन 'आणि'. देशातल्या कुठल्याही फॉर्मची चौकट एवढ्या नावासाठी आखलेली नव्हती. मग वाटणी सुरू झाली. गाडीच्या पाटीवर दमण जिंकलं, 'डीएन' गेलं आणि सगळ्या नव्या गाड्यांना 'डीडी'. जीएसटीत सिल्वासा जिंकलं. दमणचा राज्य-कोड २५ होता, आमचा २६. १ ऑगस्ट २०२० पासून २५ बाद, सगळे २६. भावाभावांच्या वाटणीतही एवढा समतोल दिसत नाही. एकाला घर, एकाला विहीर.

माझ्या सॉफ्टवेअरला मात्र ह्या वाटणीचं आमंत्रण नव्हतं. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, त्याच्या आदल्या पंधरवड्यात मी घाईघाईनं एक चौकट वाढवली होती. पार्टी दमणची असेल तर २५, आपोआप, आणि अर्थातच कुलूपबंद. कुलूप लावायची मला तेव्हा सवयच लागली होती. पोरगा म्हणाला, दमणच्या प्रत्येक पावतीवर तो २५ पेनानं खोडून २६ करतो. रिफिल कारखान्याच्या खर्चानं येते.

आता जरा धंद्यातलं सांगतो, कारण ह्या करड्या चौकटीवर माझं खरंच प्रेम होतं.

चौकटीला गप्प करायचे दोन मार्ग आहेत. एक रीड-ओन्ली, दुसरा डिसेबल. दिसायला दोन्ही बहुधा करडे, म्हणून नव्या प्रोग्रामरला वाटतं एकच. तसं नाही. रीड-ओन्ली चौकटीत कर्सर जातो, मजकूर निवडता येतो, कॉपी करून दुसरीकडे चिकटवता येतो. बदलता तेवढा येत नाही. डिसेबल चौकट तुम्हाला ओळखच देत नाही. अक्षरं फिकट, क्लिक केलं तर दगडावर पाणी, टॅब मारत गेलात तर कर्सर तिला ओलांडून पुढे. आणि जो माणूस पडदा डोळ्यांनी नाही, कानांनी वाचतो, स्क्रीन रीडर लावून, तो टॅब मारतच पुढे जातो. त्याच्या वाटेत ती चौकट येतच नाही. आपल्याला आत एक आकडा दिसतो. त्याला तिथे काही आहे, हेच कळायचं राहून जातं.

मी काम करायचो ते व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये. १९९८ सालचं हे बेणं अजून शेकडो काट्यांवर जिवंत आहे. त्यात 'लॉक्ड' आणि 'एनेबल्ड' असे दोन वेगळे गुण. लॉक्ड केली की चौकट बदलत नाही, पण रंग पांढराच राहतो. लोकांना वाटतं कीबोर्ड बिघडला, आणि आपल्याला गावाबाहेर असताना फोन येतो. पुढे डॉटनेट आलं. त्यात रीड-ओन्ली केली की पाठचा रंग आपणहून करडा होतो, तेवढं बरं झालं. पण त्यात एक गंमत निघाली. अशा चौकटीतली अक्षरं लाल करायला सांगा, होत नाहीत. आधी पाठच्या रंगाला उद्देशून 'तू आता आहेस तोच रंग हो' असा हुकूम सोडावा लागतो, मगच अक्षरं लाल होतात. पहिल्यांदा हे कळलं त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत जागा होतो. सकाळी बायकोला सांगितलं तर म्हणाली, "ह्यात नवीन काय? तुमच्या आईंचा चहा बदलायचा असला तरी आधी 'तुमचा चहा छानच असतो' म्हणावं लागतं."

ही दोन गुणांची वाटणी एकदा डोक्यात बसली की सरकारी कचेरीत वेळ बरा जातो. खिडकीवरचा कारकून रीड-ओन्ली. ऐकतो, दाखवतो, मागितली तर झेरॉक्स देतो, बदलत मात्र काही नाही. आतले साहेब डिसेबल. दिसतात, पण टॅब मारला की वगळले जातात.

कुठली चौकट कुणी भरायची, ह्या वादाचा नगर हवेलीला तर पडदे यायच्या आधीपासूनचा अनुभव. पेशव्यांनी पोर्तुगीजांशी १७७९ मध्ये तह केला, त्यापोटी १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी ही गावं त्यांच्याकडे गेली. काय म्हणून गेली, हा प्रश्न पुढे थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोचला. पोर्तुगालचं म्हणणं, राज्य मिळालं. भारत म्हणाला, मराठी कागद वाचा, त्यात शब्द जहागीर-सरंजामाचे आहेत. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. मराठ्यांनी दिला तो वर्षाला बारा हजार रुपयांचा महसूल, सार्वभौमत्व नव्हे, असं न्यायालयाला दिसलं. इंग्रज आल्यावर त्यांनी पोर्तुगीजांचा ताबा मानून घेतला, हेही न्यायालयानं नोंदवलं, ते आपल्याकडे सांगताना गाळतात. माझ्यासारख्याला ह्यात दिसतं ते एवढंच की परवानगी होती एका चौकटीची, वसुलीची. पाहुण्यांनी सगळा फॉर्म भरला, आणि तो फॉर्म १७१ वर्षं कुणी मागे घेतला नाही.

२ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं. ज्या स्वयंसेवकांनी ते केलं त्यांत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते, हे मराठी माणसाला सांगायला नको. तरी मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो. मला त्याहून आवडते ती त्यानंतरची टपालाची गोष्ट. नव्या राज्याकडे स्वतःची तिकिटं नव्हती. जुन्या पोर्तुगीज तिकिटांचा साठा पडून होता. त्याच्यावरच 'लिबरेटेड एरियाज' असा ठसा मारला आणि पाकिटं रवाना केली. चौकट तीच, चित्र तेच, मजकुरावर मजकूर. आमचा काट्यावरचा पोरगा २५ वर २६ गिरवतो, त्याच्या मागे ही अशी परंपरा आहे.

आणि १९६१ ची गोष्ट तर कुठल्याही प्रोग्रामरनं फ्रेम करून लावावी. भारतातल्या विलीनीकरणाच्या करारावर नेहरूंच्या समोर सही करायला ह्या प्रदेशाचा कुणी समकक्ष हवा होता. मग के. जी. बदलानी ह्या भारतीय प्रशासकीय सेवेतल्या अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं इथला पंतप्रधान केलं. ११ ऑगस्टला सही झाली. चौकट उघडली, नाव भरलं, काम झालं, चौकट बंद. इतकी स्वच्छ दुरुस्ती मी बावीस वर्षांत एकदाही केली नाही.

असो. काट्यावर येऊ. तिथे गाडी तापत होती.

घोळ असा होता. सकाळच्या पाळीच्या ऑपरेटरनं रिकाम्या गाडीचा काटा केला तो 'नेहमीच्या गाड्या'त, म्हणजे नोंद 'डीएन ०९'. दुपारचा आमचा पोरगा हुशार. त्यानं डीडीच्या गाड्यांसाठी पळवाट शोधलेली आहे. तो त्यांना 'बाहेरची गाडी' म्हणून घेतो, तिथे नंबराची चौकट उघडी असते. त्यानं भरलेलं वजन त्या खात्यात घेतलं. आता कॉम्प्युटरच्या मते एक रिकामी गाडी सकाळी आत आली ती अजून आतच आहे, आणि दुसरी एक गाडी भरून बाहेर निघाली आहे, जी आत कधी आलीच नव्हती. निव्वळ वजन काढणार कुणाचं?

"मग दर महिन्याच्या रिपोर्टात काय येतं?" मी विचारलं.

"कंपनीच्या नव्या गाड्या येतच नाय ना रिपोर्टात. मालक बोलतो, डिझेल जातं कुठं?"

म्हटलं, आता ह्यावर उपाय? त्यानं मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या कागदाकडे बोट दाखवलं. त्यावर मॅन्युअल मोडचा पासवर्ड लिहिलेला होता. खाली लहान अक्षरांत 'कोणाला सांगू नये'.

मॅन्युअल मोड हे माझं दुसरं पाप. काट्याचं वजन माणसानं टाइप करायचं नसतं. जमिनीखाली लोड सेल, त्यांतून वायर इंडिकेटरला, इंडिकेटरमधून सिरियल केबल कॉम्प्युटरला, आणि पडद्यावर आकडा येतो तो थेट तिथून. वजनाची चौकट म्हणूनच रीड-ओन्ली. इंडिकेटरला वैधमापनवाल्यांचं सील असतं, वर्षाला फेरतपासणी. इथवर सगळं शास्त्रोक्त. मग डिलिव्हरीच्या दिवशी मालक विचारतो, "केबल उंदरानं कुरतडली तर? गाड्या उभ्या ठेवू?" प्रश्न रास्त असतो. प्रत्येक कुलपाची चावी असाच एखादा रास्त प्रश्न विचारून बनवली जाते. मी वजनाची चौकट उघडायचा एक मोड दिला आणि त्याला पासवर्ड दिला. प्रामाणिकपणा म्हणून असं केलं की त्या मोडमधल्या वजनापुढे पावतीवर एक तारा छापला जाईल.

म्हणजे बघा. जी चौकट कधीच उघडी नसावी, ती वजनाची, पिवळ्या कागदावरच्या पासवर्डनं उघडते. सात टनांचे आठ टन करायचे तर ते त्या पोराच्या बोटावर. पण डीएनचं डीडी करायचं, जे पाटीवर लिहिलेलं आहे, जे अख्ख्या रस्त्याला दिसतं, ते करायची सोय मी ठेवलेली नाही. मॅन्युअल मोडमध्येसुद्धा नाही. मी तपासून पाहिलं. टुंग वाजलं.

आणि हे सगळं पडद्यावरचं. आतला साठा अॅक्सेसच्या एका फाइलमध्ये. त्याच कॉम्प्युटरवर, सी ड्राइव्हमध्ये, 'डेटा' नावाच्या फोल्डरात. फाइल उघडता येणाऱ्याला कुठलीच चौकट करडी नाही. फाटकाला कुलूप, वॉचमन, वही, सही, आणि मागच्या बाजूला कुंपणच घातलेलं नाही, अशी माझी इमारत. पोराला मी हे सांगितलं नाही. त्याला बहुधा ते माहीत होतं.

ऊसपट्ट्यातल्या वाचकांना ह्यात नवीन काही नाही. तिकडे ह्याच्यासाठी काटामारी असा खणखणीत शब्द आहे. शेतकऱ्याच्या उसाचं वजन कारखान्याच्या चौकटीत पडतं, त्याला ते वाचायची पूर्ण मुभा असते. बदलायची मुभा कुणाला आहे, ह्यावर दर गळीत हंगामात भरारी पथकं निघतात.

सातबाऱ्याचं तर सगळं प्रकरणच चौकटींचं. महाराष्ट्रानं हस्तलिखित सातबारे संगणकात घातले, चुका राहिल्या, म्हणून 'एडिट मॉड्यूल' आलं. त्यातून चुका उरल्या म्हणून 'री-एडिट मॉड्यूल' आलं. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं, म्हणजे सातबारे लोकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवले. वाचायचं सगळ्यांनी, हरकत लेखी द्यायची. एवढ्यावरही चूक राहिली तर महसूल संहितेचं कलम १५५ आहेच, लेखनप्रमाद दुरुस्तीचं. तहसीलदारांच्या आदेशानं चौकट उघडते. चूक एका मिनिटात झालेली असते, तलाठ्याच्या बोटानं. ती काढायला अर्ज, नोटीस, सुनावणी आणि आदेश. इतक्या वेळात शेतकऱ्याचा नातू मॉड्यूल लिहायला शिकतो.

वयाची चौकट तर आम्ही जन्मतःच लॉक करतो. माझ्या पिढीच्या मराठी शाळेत वर्गातली अर्धी पोरं १ जूनला जन्मलेली, कारण गुरुजींना दाखला भरायचा होता आणि शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. गुरुजींच्या शाईनं ती पडली ती पडली. आता आधारवर जन्मतारीख बदलायला आयुष्यात एकच संधी. नाव दोनदा बदलता येतं. माणूस आपलं नाव दोनदा विसरू शकतो, जन्म एकदाच, असा काहीतरी हिशेब असावा.

पोरानं शेवटी काय केलं? मॅन्युअल मोड वापरायला तो तयार नव्हता. "तारावाली पावती शेठ फाडतो," म्हणाला. माझा प्रामाणिकपणा असा कामाला आला. त्यानं गाडी पुन्हा काट्यावर घेतली, सकाळची 'डीएन ०९'ची नोंद उघडली, भरलेलं वजन तिच्यात घेतलं. निव्वळ आलं. पावती छापली. मग खिशातून बॉलपेन काढलं, 'डीएन ०९' वर आडवी रेघ मारली, वर 'डीडी' लिहिलं, पुढे अंक घातले, बाजूला सही, सहीवर कारखान्याचा शिक्का. तीन प्रती, तीनदा. वॉचमननं पेनानं लिहिलेला नंबर आपल्या वहीत उतरवला, छापलेल्याकडे ढुंकून पाहिलं नाही. चौघांचं मिळून दीड मिनिटाचं काम. पाऊण तास गेला तो माझ्या शहाणपणाला वळसा घालण्यात.

मी हळूच सुटत होतो. तेवढ्यात मेव्हण्याला कृतज्ञतेची उबळ आली.

"भाऊजी, बरं झालं आलात," तो म्हणाला, आणि पोराकडे वळून, अगदी अभिमानानं, "अरे, हे सॉफ्टवेअर ह्यांनीच तर बनवलंय!"

मी त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. पोरगा काही बोलला नाही. माझ्याकडे बघितलं, पडद्यावरच्या तीन चाकांच्या ट्रककडे बघितलं. मग उठला, स्वतःची खुर्ची माझ्या दिशेनं सरकवली, आणि भिंतीपाशी जाऊन पंख्याचं बटण बंद केलं.